आमच्या घरचा विसर

आंबागडचा किल्ला आमच्या अंगणातून सरळ समोर दिसायचा. हिवाळ्यात सकाळी त्याला धुकं लागायचं आणि टेकडीचा नुसता पायथा उरायचा. आत्या बोडीच्या, म्हणजे आमच्या शेततळ्याच्या, पाळीवर उभी राहून, डोळ्यांवर हात धरून बघायची आणि म्हणायची, "वरचा किल्ला कुठी गेला वं? नेला वाटते कोनी." मी हसायचे. तीही हसायची. ती गंमत करत होती की खरंच विचारत होती, हे मला आजही सांगता यायचं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. जिभेने तिखट, कामाला बरी आणि आत्याची लाडकी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी परत आली आणि इथलीच झाली. माय लग्न होऊन या घरात आली तेव्हा आत्या इथे होतीच. दोघींनी घर आपसांत वाटून घेतलं होतं, न बोलता. चूल मायची, बियाणं आत्याचं. चुलीशी आत्या जात नसे आणि बियाण्याच्या ढोल्यांशी माय जात नसे.

बियाणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. धान दोन तऱ्हेचा, हलका आणि भारी. हलका लवकर पिकतो, दसरा उलटला की कापायला येतो. म्हणून तो उंचावरच्या, पाणी न धरणाऱ्या बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांमध्ये लावायचा. भारी सावकाश पिकतो, दिवाळी मागे पडली तरी हिरवा असतो. त्याला बोडीखालच्या खोलगट बांध्या. आत्या कापणीच्या आधी बांधीत शिरून चांगल्या लोंब्या निवडायची. हलक्याच्या वेगळ्या वाळवायची, भारीच्या वेगळ्या, आणि बांबूच्या दोन ढोल्यांमध्ये ठेवून वरून शेणाने लिंपायची. गावातले लोक बियाणं बदलून न्यायला यायचे. तेव्हा एक रीत होती. देणाऱ्याने दोष आधी सांगायचा आणि मगच पायलीला हात लावायचा. हा हलका आहे, हा भारी आहे, यात थोडी मिसळ आहे, हा मागच्या साली आडवा पडला होता. दारातच, मोठ्याने, चारचौघांसमोर. घ्यायचं असेल त्याने ऐकून घ्यावं, नाहीतर परत जावं. या रीतीत कोणाला काही मोठेपणा वाटत नसे. पाय धुऊन घरात यावं तितकी ती साधी होती.

आजोबांना विसर होता, पण त्याला विसर असं कोणी म्हणत नसे. म्हातारपण म्हणत. तो इतका हळू आला की कधी सुरू झाला हेच कळलं नाही. आधी जावयांची नावं गेली, मग शेताची वाट, मग जेवलो की नाही हे. मला आठवतात ते ओसरीवर बसलेले, फाटकाकडे तोंड करून, फार सभ्यपणे आपल्या आईची वाट बघणारे. कोणी आलं की विचारायचे, "माय दिसली का जी रस्त्यानं?" लोक म्हणायचे, येऊन राहिली. तेवढ्यावर ते दिवस काढायचे. वर्षंच्या वर्षं गेली तशी.

आत्याचं तसं झालं नाही. तिचं कळलं ते एका सालच्या दसऱ्याला. बोडीखालची मोठी बांधी अर्धी पिकली. अर्धी म्हणजे एका बाजूची नव्हे. सगळीकडे ठिपके ठिपके, एक लोंबी पिवळी आणि तिच्या शेजारची हिरवीगार. कापावं तर हिरवा पोचट जाणार, थांबावं तर पिवळ्याचे दाणे गळून चिखलात पडणार. आत्याने पेरणीच्या वेळी दोन्ही ढोल्यांमधलं एकात एक केलं होतं. बांधावर माणसं जमली. कोणी हसलं, कोणी चुकचुकलं. आणि आत्या पदर सावरून बांधीकडे बघत म्हणाली, "किती चांगलं दिसून राहिलं रे भाऊ." खरं सांगते, दिसत होतंच चांगलं. वारा आला की हिरव्यातून पिवळं वर यायचं, परत खाली जायचं. मी किती वेळ बघत राहिले.

बाबा त्याच दिवशी ज्यांनी आमच्याकडून बियाणं नेलं होतं त्यांच्या घरी गेले. लावून झालेलं, वाढून झालेलं, आता सांगून काय उपयोग? पण ते दारात उभे राहून सांगून आले की माझ्या घरच्या बियाण्यात मिसळ झाली. माय म्हणाली, "त्याईले दिसत नाही का डोयानं?" बाबा म्हणाले, "त्याईले दिसते. पन मी सांगतलं नोतं न."

त्यानंतर आत्या भराभर गेली. मरण नाही म्हणत मी. ती घरातच होती, पण मागे मागे जात होती. आधी वैधव्य विसरली, मग लग्न विसरली. तिच्या बोलण्यात तोडलेली चिंच परत उभी राहिली, आटलेली विहीर भरली, आजोबा तरणेताठे होऊन नांगर धरू लागले. दुपारी ती मला शेजारी बसवून गावातल्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टींत मी अजून जन्मायची होते. मला ते आवडायचं, कोणाला विचित्र वाटलं तरी वाटो. मी नाही अशा गावात मला हिंडायला मिळायचं. मध्येच थांबून ती विचारायची, "तू कोनाची वं?" मी म्हणायचे, "तुहीच." ती म्हणायची, "मंग बरं." आणि गोष्ट पुढे चालू व्हायची.

बाबांनी तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. ती माझा हात सोडेना म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी तिला काय काय विचारलं, तिने सगळ्याला हसून उत्तरं दिली, सगळी चुकीची. मग बाबांनी आजोबांचं सांगितलं आणि विचारलं, हे रक्तातून येते का? डॉक्टर म्हणाले, "काही घराण्यांत उतरतं. सगळ्यांनाच होतं असं नाही. झालं तरी एकाला भराभर चढतं, दुसऱ्याला वर्षानुवर्षं हळूहळू. असं का, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही."

बाबांनी आत्याच्या डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाले, "म्हनजे बियानं घरचंच. पन हलका का भारी, ते लागल्यावरच समजनार." डॉक्टरांना ते कळलं नाही, त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मला कळलं. परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसून झाडं मोजल्यासारखं बोट हलवत होती आणि बाबा तिच्याकडे बघत होते. मी बाबांकडे बघत होते. माझ्याकडे बघायला तेव्हा कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच विचार केला की आता माझं काय?

हल्ली माझ्या घरी गॅसवर दूध उतू गेलं की मुलं एकमेकांकडे बघतात. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं. दूध सगळ्यांचंच उतू जातं, म्हणावं त्यांना. तुम्हीही कालच मोबाइल फ्रिजवर ठेवून घरभर शोधत होता.

असो. लाखनीकडचं स्थळ आलं ते यानंतरच्या उन्हाळ्यात. मुलाचं हायवेवर सायकलींचं दुकान, मागे धानाची शेती, घरात आईबाप. मला ते स्थळ हवं होतं. उगाच लाजून कशाला सांगू? मी एकदा लाखनीवरून गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, ट्रक थांबलेले, त्यांच्या कपाळावर रंगीत झालरी, कोणी कलकत्त्याकडे चाललेलं, कोणी मुंबईकडे. आमच्या गावात सगळं येऊन थांबायचं. तिथे सगळं जात होतं. मला वाटायचं की अशा ठिकाणी माणसाच्या मागे काही लागू शकत नसेल.

आधीचं एक स्थळ आत्यामुळे मोडलं होतं. पाहुणे अंगणात आले तेव्हा ती त्यांना "माय दिसली का जी" विचारत समोर गेली होती. आजोबांचं वाक्य, त्याच आवाजात. ते लोक चहा पिऊन गेले आणि नंतर काही कळवलंच नाही. म्हणून या वेळी मायने आधीच ठरवलं की आत्याला दोन दिवस चिखल्याला ठेवायचं. मामा तिथे खदानीत होता, कॉलनीत त्याची खोली होती. बाबा म्हणाले, "ते कुठीच नाही जानार. आन मी पाहुण्याईले सांगून देनार आहो."

"काय सांगनार?"

"बापाचं. बहिनीचं. रक्तात आहे म्हून."

मायने हातातला झाडू खाली टाकला. "पोरगी आहे जी ते, धान नाही!"

"धानाचं सांगतो आपन," बाबा म्हणाले, "आन पोरीचं लपवाव?"

माय रडली. मीही रडले, पण रागाने. मला बाबांचा इतका राग कधी आला नव्हता. रीत म्हणे! चार पायल्या धानाची रीत आणि माझा अख्खा जन्म. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते जाणवलं की ते विसरले, तेही कळलं नाही. हे 'विसरले' मी आत्ता म्हणते आहे. तेव्हा बाबांच्या बाबतीत तो शब्द आमच्या घरात कोणाच्या मनातही नव्हता.

पाहुणे आले त्या दिवशी सकाळपासून आत्या फार शांत होती. तिने माझे केस विंचरले, तेल लावून, ओढून वेणी घातली. मग आपल्याही केसांवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "मले पाहाले आले न?" मी म्हटलं, "हाव." मग मी तिलाही फूल माळलं. आम्ही दोघी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो, ती पन्नाशीच्या पुढची आणि मी वीसही नाही, दोघी आपापल्या पाहुण्यांची वाट बघत. बाहेर ऊन होतं, आत शेणाच्या सारवणाचा गारवा. आत्याने माझा हात धरला होता.

मुलाचे आईबाप दोघेही आले होते. तिकडच्या बाया सहसा पोरगी पाहायला येत नसत, ही आली होती. उंच, सावळी, कमी बोलणारी. मी पोहे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या वडिलांनी शिक्षण विचारलं, आईने धानाची रोवणी येते का विचारलं. मी म्हटलं, येते, पण कंबर दुखते. ती हसली. मी आत आले आणि दाराआड उभी राहिले. आणि बाबांनी घसा साफ केला.

"पाहा जी, पोरगी पसंत पडो न पडो, पन पयले एक गोष्ट सांगून देतो. माह्या बापाले विसर होता. बहिनीलेबी आहे, ते आतमधी बसली आहे. हे आमच्या रक्तात आहे. पोरीले होईन का नाही, मले मालूम नाही. मंग नोका म्हनू का सांगतलं नाही."

दाराआड मी डोळे मिटून घेतले. मग मुलाच्या वडिलांचा आवाज आला, जाड, सावकाश. "तुमी सांगतलं, आमी आयकलं. पोरगी पसंत आहे आमाले."

मायने चुलीपाशीच हात जोडले. बाबांचं हसणं ऐकू आलं, मोठं, मोकळं. मला इतकं हलकं वाटलं की आत्याला मिठी मारली. बाहेर गप्पा रंगल्या. यंदाचं पाणी, तुमसरच्या बाजारातला भाव, हायवेवर कलंडलेला संत्र्याचा ट्रक आणि लाखनीच्या लोकांनी खाल्लेली फुकटची संत्री. माय चहा घेऊन गेली. कपबशा वाजल्या. आणि बाबांनी पुन्हा घसा साफ केला.

"पाहा जी, पोरगी पसंत पडो न पडो, पन पयले एक गोष्ट सांगून देतो. माह्या बापाले विसर होता. बहिनीलेबी आहे, ते आतमधी बसली आहे..."

शब्दाला शब्द तोच. तोच आवाज, तेच थांबणं. आधी मला वाटलं की मीच ते मनात परत ऐकते आहे. मग माय दिसली. बाहेरच्या दाराशी, हातात रिकामा ट्रे, चेहरा पांढराफटक. तेव्हा समजलं. बाबा बहिणीचं सांगायला बसले होते आणि आपलंच सांगत होते. त्यांना एकट्यांनाच ते माहीत नव्हतं. मी बाहेर धावून त्यांच्या तोंडावर हात ठेवणार होते. लग्नासाठी नाही, खरंच नाही. ते सगळ्यांसमोर असे उघडे पडलेले मला बघवेना. पण आत्याने माझा हात धरला, तो सोडेना. ती मान डोलवत ऐकत होती.

"...मंग नोका म्हनू का सांगतलं नाही."

बोडीवरची बदकं तेवढी ऐकू आली. मला वाटलं, आता ते उठतील. वहाणांचा आवाज येईल. मग त्या सावळ्या बाईचा आवाज आला, नवऱ्याला सांगणारा, साधा. "सांगा न त्याईले, काय म्हनता ते."

आणि मुलाचे वडील म्हणाले, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखे, जाड, सावकाश. "तुमी सांगतलं, आमी आयकलं. पोरगी पसंत आहे आमाले."

बाबा हसले. तेच मोठं, मोकळं हसणं. दुसऱ्यांदाही त्यांना तितकाच आनंद झाला होता.

साक्षगंध झालं, लग्न झालं, मी लाखनीला आले. ट्रक दिवसभर जात असत आणि माझ्या मागे लागायचं ते लागायचंच. ते काही हायवेला भीत नव्हतं. एकदा तांदूळ निवडताना मी सासूला विचारलं, मनात किती दिवस होतं ते. "तुमाले तं तवाच समजलं असन. मंग काहून केली जी मले?" ती सुपातून खडा काढत म्हणाली, "सांगतल्याचं विसरला तुहा बाप. सांगाचं होतं ते नाही विसरला." आणि पुढे तांदूळ निवडू लागली. तिने यावर परत कधी चर्चा केली नाही, कोणी माझ्या एखाद्या चुकीवर बोट ठेवलं तेव्हाही नाही.

आत्या माझ्या लग्नानंतर दुसऱ्या हिवाळ्यात गेली. बाबा मात्र भारी निघाले. सगळं ऐंशीचं दशक त्यांनी सावकाश, हिरव्यातून पिवळं होत काढलं. मी वर्षातून दोन-तीनदा जायचे आणि प्रत्येक वेळी थोडे कमी झालेले बाबा भेटायचे. एका वर्षी बाजारातला हिशेब गेला, एका वर्षी नातवाचं नाव. माय थकली, चिडायची, मग पश्चात्ताप करून त्यांना गोड शिरा करून द्यायची. ते दोन्ही विसरायचे, चिडणंही आणि शिराही. मी माहेराहून परतताना एसटीत खिडकीशी बसायचे आणि बाहेरच्या झाडांची नावं मनात म्हणून बघायचे. मोह, बेहडा, पळस, साज. एखादं अडलं की परत पहिल्यापासून सुरू करायचे.

शेवटच्या सुमारास एका दुपारी मी गेले तेव्हा ते ओसरीवर बसले होते, फाटकाकडे तोंड करून. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "आली का बाई?" ते म्हणाले. बाई म्हणजे आत्या. ते तिला तसंच म्हणत. मी काही दुरुस्त केलं नाही, शेजारी बसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माय आत आहे याची खात्री केली आणि माझ्याकडे वाकले.

"पोरीचे पाहुणे येऊन राहिले. त्याईले सांगाव लागन न बाई?"

"सांगतलं," मी म्हणाले.

"कोनं?"

"तूच सांगतलं रे भाऊ."

ते विचारात पडले. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले. "मंग? काय म्हनले?"

"पोरगी पसंत आहे म्हनले."

त्यांचं ते हसणं उमटू लागलं आणि मध्येच थांबलं. त्यांनी माझं मनगट धरलं. इतके बारीक झालेले हात, पण पकड घट्ट. "बाई, पोरीले नाही होनार न हे?"

नाही, असं म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या क्षणी ते विसरले असते. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण त्यांच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना. त्यांच्याशी तर नाहीच.

"होईन तं होईन," मी म्हटलं. "त्याईनं आयकून घेतलं आहे."

बाबांनी माझं मनगट सोडलं. "मंग बरं," ते म्हणाले आणि परत फाटकाकडे बघू लागले.